पावसाळी वाट निवडताना आधी ओढे मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, १३ वर्षांची मुलगी आणि ५८ वर्षांचे सासरे. सिंहगड पायवाटेने सगळ्यांचा अनेकदा झालेला, सासरे रोज पर्वती चढणारे. पावसात दरी, दाट रान आणि धबधबे एकाच वाटेवर बघायचे आहेत, गर्दी नको आहे, आणि अंधारबनची रानवाट की राजमाचीचा किल्ला हे ठरत नाही. प्रश्न पाठवणाऱ्या ताईंनी शेवटी विचारलंय, "वाट आपल्याला झेपेल की नाही, हे घरी बसून कसं ओळखायचं?"

उत्तर आधी सांगते: राजमाची. लोणावळ्याहून चालत जा, किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत या. जुलैत नको, ऑगस्टचा शेवटचा आठवडा उजाडू द्या. हे का, ते जरा सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वर्षीची वाट तुमची तुम्हाला निवडता येईल.

गेले बावीस पावसाळे मी लोकांना घेऊन सह्याद्रीत फिरते आहे. सुरुवातीची काही वर्षं वाट निवडताना मीही सगळे बघतात तेच बघायचे. चढ किती, अंतर किती, कुठे दोर लागतो का. आता नवीन वाट नकाशावर बघायला घेतली की मी सगळ्यात आधी ओढे मोजते. किती ओलांडायचे आहेत, त्यातला मोठा कुठला, त्याला पाणी कुठून येतं, आणि तो मध्येच चढला तर आपण कुठल्या काठावर असू. चढाने माणूस दमतो. दमलेला माणूस दगडावर टेकतो, दोन घोट पाणी पितो आणि पुन्हा उठतो. ओढ्यात पाय सुटला तर अशी दुसरी संधी मिळत नाही.

आपल्या डोंगरांची घडणच तशी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून हा बेसाल्टचा कातळ तयार झाला. कठीण थराचा उभा कडा राहिला, मऊ थर झिजून त्याची सपाटी झाली. म्हणून सह्याद्रीत कडा, मग पदर म्हणजे ती सपाटी, मग पुन्हा कडा अशी पायऱ्यांची रचना दिसते. कड्यावर माती टिकत नाही, तिथून पाणी कोसळतं. पदरावर माती साठते, तिथे रान वाढतं. आपल्या पायवाटा बहुतेक याच पदरावरून, रानातून जातात. आता डोळ्यांसमोर आणा: वरच्या कड्यावरून पडलेलं पाणी पदरावर ओढा होऊन वाहतं, आपली वाट आडवी कापतं आणि खालच्या कड्यावरून पुन्हा कोसळतं. म्हणजे जिथे आपण "छान गुडघाभर पाणी आहे" म्हणून मजेत ओढा ओलांडतो, तिथून पुढच्या धबधब्याचं तोंड कधीकधी पन्नास-शंभर पावलांवर असतं. रानामुळे ते दिसत नाही आणि ओढ्याच्या आवाजात त्याचा आवाज वेगळा कळत नाही.

त्यात लोणावळ्याचा पाऊस. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कातळ पाणी पीत नाही, वरची मातीची साय जूनअखेरपर्यंत तुडुंब भरलेली असते. मग वर माथ्यावर जोराची सर आली की पंधरा-वीस मिनिटांत खालचा ओढा वेगळाच होतो. तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊनही असू शकतं. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एकमेकांना धरून ती प्रवाहाच्या मधोमध उभी होती. ती चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. मी तिच्याबद्दल माझ्या प्रत्येक नव्या गटाशी बोलते, कारण ती माणसं कड्यावर चढली नव्हती, कुठलं धाडस करायला गेली नव्हती. कुटुंब सहलीला आलं होतं, जसे तुम्ही जाणार आहात.

आता अंधारबन. ताम्हिणीजवळच्या पिंपरीपासून निघून कुंडलिकेच्या दरीच्या कडेकडेने, हिर्डी गावावरून खाली भिऱ्याला उतरणारी ही साधारण १३ किलोमीटरची वाट. बरीचशी सपाट आणि उताराची, म्हणून तिला "सोपी" म्हणतात. रान इतकं गच्च की भरदुपारी अंधारून येतं. सुंदर आहे, फार सुंदर आहे, मला स्वतःला राजमाचीपेक्षा तिचं रान अधिक आवडतं. पण ओढे मोजा. पहिल्या टप्प्यातच मोठे ओढे लागतात, पाऊस लागून राहिला तर ते चढून आपली परतीची वाट बंद होते, आणि पुढे हिर्डीपर्यंत वस्ती नाही. वाट सुरू एकीकडे होते, संपते भलतीकडे. गाडी भिऱ्याला पाठवलेली असते. गाडी पुढे उभी असली की माणूस मागे फिरत नाही. मी हे इतक्यांदा पाहिलंय की तेरा वर्षांच्या मुलीला आणि सासऱ्यांना घेऊन पहिल्याच पावसाळी मोठ्या वाटेसाठी मी अंधारबन सुचवणार नाही. शिवाय ते अभयारण्याचं क्षेत्र आहे, पावसाळ्यात वनखातं ते बंद ठेवतं अशा वेळा येतात. बंद असेल तर चोरवाटेने नेतो म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जा, पाणी तेव्हाही असतं.

(कुणी सांदण दरी सुचवली तर पावसाळ्यात एका वाक्यात नाही म्हणा. ती दरी म्हणजेच ओढ्याचं पात्र आहे.)

राजमाचीचं गणित वेगळं आहे. लोणावळा स्टेशनपासून तुंगार्लीवरून उधेवाडी साधारण १५ ते १६ किलोमीटर. ऐकायला अंतर जास्त, पण लोणावळा आधीच घाटमाथ्यावर आहे, त्यामुळे वाट बहुतांश सपाटीची, थोडी उतरंडीची, थोडी चढाची. गाडीरस्त्याएवढी रुंद आहे, चुकायला फारशी जागा नाही. फणसराईचा फाटा तेवढा विचारून घ्या. वाटेत पाणी आडवं येतं, पण ते रुंद, उघड्या जागी, पसरून वाहणारं असतं. दोन्ही बाजूंना नीट दिसतं. कुठेही पाणी जास्त वाटलं तर मागे वळून लोणावळ्याला जाता येतं, आणि पुढे गेलात तर गाव आहे, घरं आहेत, चूल आहे. सासरे थकले तर काही अंतर स्थानिक जीपने कापता येतं, चिखल फार नसेल तर. हे सगळं अंधारबनात नाही. नवख्यासाठी मी वाट निवडते ती याच कसोटीवर: कुठल्याही क्षणी परत फिरता यावं.

ओढा वाचायचा कसा, हे शिकण्यासारखं आहे आणि तुमच्या मुलीला ते जरूर शिकवा, मुलं पटकन शिकतात. काठावर आलात की लगेच पाय घालू नका. दोन मिनिटं थांबा. काठावरचा एखादा दगड ठरवा, पाणी त्याच्या कुठवर आहे ते बघा. दोन मिनिटांत रेघ वर सरकली तर तो ओढा चढतोय, निर्णय झाला. पाण्याचा रंग बघा. रानातला ओढा पावसातही बराच नितळ असतो. तो चहासारखा लालसर झाला, पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, की वर कुठेतरी सर कोसळलेली आहे. कान द्या. पाण्याच्या आवाजाखाली दगड एकमेकांवर आपटल्याचा गडगड असा खोल आवाज आला, तर पाण्यात तळाचे धोंडे हलताहेत. जो धोंडा हलवतो तो माणसाला हलवणारच.

सगळं ठीक वाटलं तरच ओलांडायचं, आणि तेही अरुंद जागी नव्हे. इथे जवळजवळ सगळे चुकतात. अरुंद जागा बघून वाटतं की दोन उड्यांत पार. पण तेवढंच पाणी अरुंद जागेतून जायचं तर ते खोल आणि वेगवान होणार. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. म्हणून जिथे ओढा पसरलाय, पाणी पोटरीपर्यंत आहे, तळाचे दगड दिसताहेत, तिथून जा, दहा पावलं जास्त पडली तरी. खालच्या बाजूला धबधब्याचं तोंड, आडवं झाड किंवा मोठ्या धोंड्यांची फट नाही ना, हे खाली चालत जाऊन डोळ्यांनी बघून या. पाठपिशवीचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा, घसरलात तर ती टाकून देता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय उचला, आडवं सरकत जा. बूट काढू नका. अनवाणी पाय शेवाळलेल्या कातळावर जास्त घसरतो आणि बोट दगडात अडकलं तर मोडतं. मुलगी मध्ये, तिच्या वरच्या अंगाला सगळ्यात भक्कम माणूस, तिघांनी दंडाला दंड धरून. पाणी मुलीच्या गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही, मोठ्यांच्या गुडघ्याचा हिशेब धरायचा नाही. कमरेला दोर बांधून पाण्यात उतरणं चित्रपटात बरं दिसतं. प्रत्यक्षात पाय सुटला की तोच दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

आणि थांबायची तयारी ठेवा. काही वर्षांपूर्वी अंधारबनातच चौदा जणांना घेऊन मी एका ओढ्याच्या काठावर सव्वादोन तास बसले होते. आम्ही पोचलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत, लालभडक. गटातल्या दोन तरुणांना ते सहज जमेल असं वाटत होतं, आणि त्यांना जमलंही असतं कदाचित. बाकीच्या बारांचं काय? मी सगळ्यांना झाडाखाली बसवलं, प्लास्टिकचा मोठा कागद डोक्यावर धरला, गूळ-शेंगदाणे वाटले. लोक वैतागले होते, एकीला थंडी वाजून हुडहुडी भरली, तिला कोरडा शर्ट घालायला लावला. काठावर मी तीन दगडांची खूण लावली होती. पाऊस उघडल्यावर तासाभराने पहिला दगड उघडा पडला, मग दुसरा. निघालो तेव्हा पाणी पोटरीला लागत होतं आणि तळ दिसत होता. ज्या कातळामुळे ओढा झटकन चढतो त्याच कातळामुळे तो झटकन उतरतो. त्या दिवशी रात्री आठला भिऱ्याला पोचलो, टॉर्चच्या उजेडात. म्हणून टॉर्च प्रत्येकाची वेगळी, अगदी दिवसाच्या वाटेवरही.

आता तुमच्या वाटेकडे येते. पुण्याहून सकाळच्या लोकलने लोणावळ्याला उतरा, साडेसातपर्यंत चालायला लागा. पहिला तास वस्तीतून आणि धरणाजवळून जातो, त्यात विशेष काही नाही. माणसं मागे पडली की रान सुरू होतं. आयन, जांभूळ, हिरडा, मधूनमधून आंबा, आणि खाली दोन्ही अंगांना कारवी. ओहोळाच्या काठाशी चवरीची, म्हणजे रानहळदीची पांढरी-गुलाबी फुलं चिखलातून वर आलेली असतात. मुलीला सांगा, शीळ ऐकू आली की थांब. माणूस विसरभोळेपणाने एखादी चाल गुणगुणत असावा तशी लांबलचक शीळ घालणारा निळा-काळा पक्षी म्हणजे शीळकरी कस्तूर. पावसाळ्यात ओढ्याकाठी तो पहाटेपासून गातो, आणि पाण्याच्या आवाजावरूनही ऐकू येतो. कारवीवर हात टेकवण्याआधी मात्र बघा. हिरव्या फांदीवर हिरवाच चापडा, म्हणजे विषारी साप, निपचित बसलेला असतो. तो अंगावर येत नाही, पण हात पडला तर चावतो.

अर्ध्या वाटेच्या पुढे धुकं फाटलं की उल्हास नदीचं खोरं उघडतं. हीच नदी पुढे कर्जत, बदलापूर, कल्याणवरून खाडीला जाते. इथे ती नुकती जन्मली आहे आणि दरीच्या तिन्ही बाजूंनी तिला पाणी येऊन मिळतं. या खोऱ्यात कातळधार नावाचा मोठा धबधबा आहे. लांबून बघा, मनसोक्त बघा. त्याच्या पायथ्याशी नेणारी वाट घनदाट रानात उतरते आणि तिथे चुकणं अगदी सोपं आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची मंडळी अशा वाट चुकलेल्यांना शोधायला रात्री-अपरात्री स्वतःची कामं सोडून धावतात. त्यांच्यावर ती वेळ आणू नका.

बारा-साडेबारापर्यंत उधेवाडी येईल. डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. बोरघाटाची जुनी व्यापारी वाट इथून नजरेच्या टप्प्यात येते, म्हणून हा किल्ला. शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीच्या मोहिमेच्या काळात तो घेतला. जेवून, कपडे वाळत टाकून, तिसऱ्या प्रहरी मनरंजन करून या. तो चढायला सोपा आहे. श्रीवर्धन अधिक उंच, आणि त्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. सकाळी उघडीप असेल तर बघा, नसेल तर सोडा. सासऱ्यांना संध्याकाळी गावाखालच्या तळ्याकाठच्या शंकराच्या देवळात न्या. तिथलं गोमुख आणि ते शांत दगडी तळं पाहिलं की दिवसभराची चाल विसरायला होते.

परतताना कोंढाण्याच्या बाजूने कर्जतकडे उतरावं का, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच, कारण गावात कोणीतरी "दोन-अडीच तासांत खाली" म्हणेल. कोंढाणे लेणी फार मोलाची आहेत. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं चैत्यगृह, दर्शनी भागावर ब्राह्मीत कोरलेलं की कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं, आणि पावसात लेण्यांच्या तोंडावरूनच धबधबा पडतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी आपल्या गुरूचं नाव आधी आणि स्वतःचं नंतर कोरलं, ते वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. पण ती उतरण खडी आहे, लाल माती लोण्यासारखी होते, गुरांच्या वाटा फुटतात आणि उतारात गुडघे बोलतात. सासऱ्यांसह पावसात नको. डिसेंबरात कर्जतच्या बाजूने सकाळी लेण्यांपर्यंत वर चढा, निवांत बघा आणि उतरा. तो वेगळा दिवस ठेवा.

सामानाबद्दल थोडंच, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. जीन्स नको, ती भिजली की जड होते आणि मांड्या सोलते. बुटाचा तळ मऊ रबराचा आणि खाचांचा हवा. किंमत बघू नका, अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवर पाणी ओतून चालून बघा. पावसापासून कोरडं राहायचा नाद सोडा, भिजणार आहातच. मात्र मुक्कामाचे कपडे आणि अंथरूण आतल्या जाड पिशवीत गुंडाळलेलं हवं, आणि थांबल्यावर वारा लागणार नाही अशी एक गोष्ट प्रत्येकाजवळ. माथ्यावर वीस अंश तापमानातही ओलं अंग आणि वारा यांनी माणूस गारठतो. थरथर, मग बोलणं अडखळणं, मग गप्प बसणं अशी ती पायरी असते. मुलगी बडबड करायची थांबली तर विचारा. पायाला जखम असेल तर ती नीट झाका, आणि परत आल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना साचलेल्या पाण्यातून, चिखलातून चालल्याचं आवर्जून सांगा. मग लेप्टोचा, म्हणजे अशा दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, विचार त्यांच्या मनात लवकर येतो.

घरी बसून ओळखायचं कसं, हे राहिलं. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्याचा असतो. लाल किंवा नारिंगी असेल तर विषय संपला, बेत पुढे ढकला. पिवळा असेल किंवा काहीच नसेल तर मी त्यावर थांबत नाही, निघायच्या आदल्या संध्याकाळी गावात फोन करते. मुक्काम ज्यांच्या घरी आहे त्यांनाच. "पाऊस आहे का?" असं विचारू नका, ते हो म्हणणारच, पाऊस तर आहेच. असं विचारा: आज ओढ्यापलीकडे गुरं नेली का? आज लोणावळ्याहून कोणी मोटारसायकलवर आलं का? आणि जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा वनखात्याचा मनाई आदेश लागलाय का? गुरं नेली नसतील तर तुम्हीही निघू नका. गुराख्याला त्या ओढ्याची जितकी जाण असते तितकी कुठल्याच नकाशाला नसते. जेवणाचंही त्याच फोनवर सांगून टाका. चौघांचं पिठलं-भाकरी, आणि त्या वेळी रानात जी भाजी असेल ती. कुरडू किंवा टाकळा मिळाला तर नशीब समजा.